साक्षीदार खोटा, म्हणून साक्षही खोटी?

प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी मिस्साबलिदानात सुसन्नेची कथा वाचली जाते. दानिएलच्या ग्रंथातील तेराव्या अध्यायाची ही कथा आपल्या परिचयाची आहे. दोन वयोवृद्ध न्यायाधीश एका सुशील स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप करतात. ते वयाने मोठे, मानाने मोठे. शिवाय दोघांची जबानी एकच. नियमशास्त्राला दोन साक्षीदार हवे असतात, ते समोर उभे आहेत. लोक विश्वास ठेवतात आणि सुसन्नेला देहदंडासाठी नेऊ लागतात. तेवढ्यात तरुण दानिएल पुढे येतो, दोघांना एकमेकांपासून दूर उभे करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : तू त्यांना कोणत्या झाडाखाली पाहिलेस? एकजण एका झाडाचे नाव घेतो, दुसरा वेगळ्याच झाडाचे. खोटेपणा उघडा पडतो.

परमेश्वर निरपराध्याची हाक ऐकतो, हा बोध आपण या कथेतून नेहमीच घेतो आणि तो योग्यच आहे. परंतु परमेश्वराने ती हाक कशी ऐकली, याकडे आपले तितकेसे लक्ष जात नाही. आकाशातून अग्नी उतरला नाही, देवदूत अवतरला नाही. एका तरुणाला चौकशी करण्याची सुबुद्धी झाली, इतकेच. आणि दानिएल पहिला दोष न्यायाधीशांना नव्हे, तर जमलेल्या लोकांना देतो : शहानिशा न करता तुम्ही इस्राएलच्या एका कन्येला दोषी कसे ठरवलेत?

दानिएलचा हा प्रश्न माझ्या मनात गेली अनेक वर्षे रुतून बसला आहे, आणि त्याला कारण कोरियातील एक पूल आहे.

सन 1950 च्या जून महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले. उत्तरेचे सैन्य वेगाने खाली सरकत होते, अमेरिकेच्या तुकड्या माघार घेत होत्या आणि रस्ते निर्वासितांनी भरून गेले होते. निर्वासितांच्या पांढऱ्या कपड्यांत शत्रूचे हस्तक लपून येतात, अशी भीती सैनिकांत पसरली होती. जुलैच्या अखेरीस दक्षिण कोरियातील नो गन री या खेड्याजवळ अशाच एका निर्वासितांच्या जथ्याला रेल्वेमार्गावर आणण्यात आले. विमानांतून त्यांच्यावर मारा झाला. जे वाचले, ते जवळच्या रेल्वेपुलाच्या काँक्रीटच्या कमानींखाली शिरले. 26 ते 29 जुलै या दिवसांत त्या कमानींच्या तोंडावर गोळीबार होत राहिला. आत होते ते बहुतांशी म्हातारे, स्त्रिया आणि मुले. पुढे 2005 साली दक्षिण कोरियाच्या शासनाने मृत व बेपत्ता मिळून 163 नावे अधिकृतपणे मान्य केली; वाचलेल्यांच्या मते आकडा याहून पुष्कळ मोठा होता.

चुंग उन-याँग या गृहस्थांनी त्या प्रसंगात आपली दोन मुले गमावली. त्यांनी 1960 साली अमेरिकन अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. ती लागली नाही. देशात लष्करी राजवट आली आणि असे प्रश्न विचारणे धोक्याचे झाले. 1994 साली त्यांनी ही कथा पुस्तकरूपाने लिहून काढली. पुढे वाचलेल्या मंडळींनी पुन्हा अर्ज केले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की, त्या भागात संबंधित अमेरिकन सैन्य होते याचाच पुरावा नाही. ज्यांनी डोळ्यांदेखत आपली लेकरे मरताना पाहिली, त्यांना कागदावरून सांगण्यात आले की, मारणारे तेथे नव्हतेच.

सप्टेंबर 1999 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ही गोष्ट जगापुढे आणली. तिच्या वार्ताहरांनी जुनी लष्करी कागदपत्रे आणि नकाशे धुंडाळून सातवी कॅव्हलरी रेजिमेंट त्या दिवसांत त्याच ठिकाणी होती, हे दाखवून दिले. त्या रेजिमेंटच्या वृद्ध सैनिकांना शोधून काढले आणि त्यांच्यातील अनेकांनी गोळीबार झाल्याचे मान्य केले. पन्नास वर्षांनंतर मारणाऱ्यांच्या बाजूचे आवाज मरणाऱ्यांच्या आवाजात मिसळले.

त्या आवाजांपैकी सर्वांत स्पष्ट, सर्वांत हृदयद्रावक आवाज एडवर्ड डेली यांचा होता. आपण मशीनगनवर होतो, आपल्याला आज्ञा झाली, आपण गोळ्या झाडल्या आणि त्या मुलांचा आक्रोश अजूनही आपला पाठलाग करतो, असे त्यांनी सांगितले. दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसह ते कोरियाला गेले आणि वाचलेल्यांना भेटले. मी ते वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा मला उधळ्या पुत्राची आठवण झाली. पुढच्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील एका छोट्या सभेत पश्चात्तापाचे उदाहरण म्हणून मी ती हकिकत सांगितली. काही भगिनींनी डोळे पुसले. मलाही समाधान वाटले.

काही आठवड्यांतच, मे 2000 मध्ये, कळले की डेली त्या दिवशी तेथे नव्हतेच. लष्करी नोंदींप्रमाणे ते त्या काळात दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका वेगळ्याच तुकडीत होते. आपण तेथे असणे शक्य नाही, हे त्यांनी शेवटी कबूल केले. पुढे 2002 साली शासनाकडून खोट्या आधारावर लाभ घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवासाची शिक्षाही झाली.

माझ्या सभेतील एका सद्गृहस्थांनी मला रस्त्यात गाठून विचारले, “म्हणजे ते सगळे थोतांडच होते तर?” मी ओशाळून मान डोलावली. आज मला त्या मान डोलावण्याची अधिक लाज वाटते. डेलींवर मी चौकशीविना विश्वास ठेवला, हा माझा पहिला दोष. परंतु डेली खोटे ठरताच पुलाखाली मेलेल्यांनाही मी चौकशीविना खोटे ठरवले, हा दुसरा दोष, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

वस्तुस्थिती काय होती? वाचलेल्या कोरियन माणसांची जबानी डेलींवर अवलंबून नव्हती. ते त्यांचे नावही ऐकण्यापूर्वी चाळीस वर्षे तेच सांगत आले होते. रेजिमेंट तेथे असल्याची कागदपत्रे डेलींनी लिहिलेली नव्हती. इतरही सैनिक होते. जानेवारी 2001 मध्ये अमेरिकन लष्कराने आपला चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. ही हत्या हेतुपुरस्सर नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्याबद्दल आजही वाद आहे. परंतु त्या पुलापाशी अमेरिकन सैन्याच्या हातून निर्वासित मारले गेले, ही गोष्ट त्यानेही नाकारली नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी खेद व्यक्त केला. 2006 साली अमेरिकेच्या तत्कालीन राजदूताचे 26 जुलै 1950 या तारखेचे एक पत्र प्रकाशात आले. इशारा देऊनही सैन्याच्या रेषेकडे येत राहणाऱ्या निर्वासितांवर गोळी झाडण्याचे धोरण ठरल्याचे त्यात नमूद होते. एक साक्षीदार गळून पडला. साक्ष उभीच राहिली.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. केलेले पाप माणूस लपवतो, हे आपण जाणतो. न केलेले पाप तो का कबूल करील? आपल्याला वाटते की, जो स्वतःवरच आरोप करतो तो खोटे बोलणार नाही. पापनिवेदनाच्या संस्कारात वाढलेल्या आपल्यासारख्यांची तर ही ठाम समजूत असते. परंतु पापनिवेदन होते ते बंद दाराआड, जेथे टाळी वाजवायला कोणी नसते. चारचौघांत सांगितलेल्या कबुलीत कधी कधी मोबदला दडलेला असतो : लोकांचे लक्ष, सहानुभूती, इतिहासात एखादी जागा. सामान्य, अनामिक सेवा करून परतलेल्या माणसाला भयंकर गोष्टीचा नायक होण्याचाही मोह पडू शकतो.

दुसरेही एक कारण आहे आणि ते अधिक करुण आहे. सैनिकांच्या स्नेहमेळाव्यांतून डेली वर्षानुवर्षे जुन्या जवानांना भेटत, पत्रे लिहीत, रणांगणावरील आठवणी काढत. हळूहळू काहींच्या स्मृतीत ते स्वतःच शिरले. ते आपल्याबरोबर होते, असे त्यांतील काहीजण प्रामाणिकपणे शपथेवर सांगू लागले. ही माणसे लबाड नव्हती. स्मृती म्हणजे कुलूपबंद पेटी नव्हे. प्रत्येक कथनागणिक तिच्यात काही पडते आणि काही सांडते. म्हणूनच दानिएलने त्या दोघांना वेगळे उभे केले. एकत्र बसून आठवलेल्या दहा जबान्यांपेक्षा एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोघांची जबानी अधिक मोलाची असते.

याच्या अगदी उलट उदाहरण व्हिएतनाम युद्धात आढळते. रोनाल्ड रिडेनआवर हा तरुण सैनिक 1968 साली एका मित्राला भेटला. माय लाय या भागातील एका खेड्यात 16 मार्च रोजी आपल्या ओळखीच्या तुकडीने सरसकट सर्व गावकऱ्यांना ठार केले, असे मित्राने त्याला सांगितले. रिडेनआवर हादरला, परंतु त्याने लगेच डंका पिटला नाही. पुढच्या काही महिन्यांत त्याने त्या तुकडीशी संबंधित इतरांना गाठून प्रत्येकाकडून हकिकत ऐकून घेतली. मायदेशी परतल्यावर मार्च 1969 मध्ये त्याने लोकप्रतिनिधींना व अधिकाऱ्यांना एक लांबलचक पत्र पाठवले. आपण स्वतः तेथे नव्हतो, हे त्याने त्यात स्वच्छपणे मांडले. कोणाकडून काय ऐकले ते वेगवेगळे नोंदवले आणि निवाडा न करता चौकशीची मागणी केली. ऐकीव साक्षीला न्यायालयात मोल नसते; परंतु आपण ऐकीव सांगत आहोत असे जो प्रामाणिकपणे सांगतो, तो सत्याचा मार्ग मोकळा करतो. डेलींनी ऐकलेले ‘पाहिले’ म्हणून सांगितले. रिडेनआवरने ऐकलेले ‘ऐकले’ म्हणूनच सांगितले. दोघांतील सारे अंतर या एका क्रियापदात सामावले आहे.

चौकशी झाली. लष्करी छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली याची त्या दिवसाची छायाचित्रे पुढे आली. त्या दिवशीच्या मूळ लष्करी अहवालात शत्रूचे 128 सैनिक ठार झाल्याचा उल्लेख होता. हाती लागलेल्या बंदुका मात्र तीन. एकशेअठ्ठावीस सैनिक आणि तीन बंदुका! सुसन्नेच्या कथेतील झाडाचा प्रश्न येथे आकड्यांच्या रूपाने उभा होता, पण दीड वर्ष तो कोणी मोठ्याने विचारला नाही. अमेरिकन लष्कराच्या गणनेप्रमाणे तेथे 347 ग्रामस्थ मारले गेले. व्हिएतनामी स्मारकावर 504 नावे आहेत.

त्याच दिवशी ह्यू थॉम्पसन या हेलिकॉप्टर-चालकाने आपले यान सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्यामध्ये उतरवले, काहींचे प्राण वाचवले आणि परत जाऊन वरिष्ठांकडे तक्रार केली. त्याची साक्ष पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती. ती दडपली गेली आणि पुढे कित्येक वर्षे त्याला देशद्रोही म्हणून हिणवण्यात आले. त्याच्या धैर्याचा गौरव व्हायला 1998 साल उजाडावे लागले. गणवेशातील प्रत्येक माणूस खुनी होता, असे मानणाऱ्यांनी थॉम्पसनला विसरू नये. आणि आपले सैनिक असे करूच शकत नाहीत, असे मानणाऱ्यांनीही त्याला विसरू नये.

त्या युद्धातून परतलेल्या शंभरावर सैनिकांनी 1971 च्या आरंभी डेट्रॉइट शहरात एकत्र येऊन आपण पाहिलेल्या व केलेल्या अत्याचारांच्या जबान्या दिल्या. त्याच सुमारास अशाच जबान्यांचे एक पुस्तकही निघाले होते. त्यातील काहीजण सांगितल्या ठिकाणी गेलेच नव्हते, असे एका पत्रकाराने नोंदी तपासून दाखवून दिले, आणि तो पत्रकार युद्धाचा समर्थक नव्हता. एवढ्या आधारावर पुष्कळांनी सर्वच जबान्या निकालात काढल्या. 2006 साली अमेरिकन लष्कराच्याच जुन्या संग्रहातील सुमारे 9000 पानांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसून आले की, माय लाय वगळता अत्याचाराच्या 320 घटना लष्कराच्या स्वतःच्या तपासनिसांना खऱ्या आढळल्या होत्या. खोटे बोलणारे होते. म्हणून खरे बोलणारे नव्हते, असे नाही.

खोट्या साक्षीची खरी किंमत कोण मोजतो, हे यावरून कळावे. जपानमध्ये सेइजी योशिदा नावाच्या गृहस्थांनी युद्धकाळात आपण जेजू बेटावरून कोरियन स्त्रियांना बळजबरीने पळवून सैन्याकडे दिले, असे लिहिले. ते खरे नव्हते. ‘असाही शिम्बुन’ या दैनिकाने त्यांच्यावर आधारित वृत्ते 2014 साली मागे घेतली. त्याचा आनंद कोणाला झाला? ज्यांना त्या स्त्रियांचे दुःखच नाकारायचे होते, त्यांना. 1991 पासून स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या वेदना सांगणाऱ्या वृद्ध स्त्रियांची साक्ष योशिदांवर कधीच अवलंबून नव्हती. तरी त्यांच्या खोटेपणाचा डाग या स्त्रियांच्या अंगावर फेकण्यात आला. पीडितांच्या बाजूने बोललेले खोटे हेही शेवटी पीडितांच्याच विरुद्ध जाते.

मग एखाद्या वृद्ध सैनिकाची हकिकत आपण ऐकावी कशी? प्रथम विचारावे : हा तेथे होता काय? कागदपत्रे त्यासाठी असतात. मात्र कागदाचे मौन हा पुरावा नव्हे. 1973 च्या जुलैमध्ये सेंट लुईस येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत लक्षावधी अमेरिकन सैनिकांच्या नोंदी जळून गेल्या. नोंद जळालेला प्रत्येक माणूस तोतया नसतो. दुसरे, त्याने पाहिले की ऐकले? तिसरे, ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही असे कोणी तेच सांगतात काय, विशेषतः समोरच्या बाजूचे? नो गन री येथे समुद्राच्या दोन्ही तीरांवरच्या, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या माणसांनी त्याच पुलाकडे बोट दाखवले, हे सर्वांत बळकट प्रमाण होते. आणि चौथे, लहानसहान विसंगतींनी घाबरून जाऊ नये. रिकाम्या कबरीपाशी किती स्त्रिया गेल्या आणि त्यांना किती देवदूत दिसले, याबाबत चारही शुभवर्तमानांत तंतोतंत मेळ नाही. म्हणून पुनरुत्थानावरचा आपला विश्वास डळमळत नाही. झाडाचे नाव चुकणे आणि तारीख चुकणे यांतील फरक ओळखता यायला हवा. आरोपाचा सारा भार ज्या तपशिलावर आहे, तो कोसळला तर साक्ष कोसळते. कडेचा एखादा तपशील निसटला तर ती केवळ मानवी ठरते.

कोणी म्हणेल, हे वकिली काम झाले. ख्रिस्ती माणसाने प्रेमाने विश्वास ठेवावा. मला वाटते, आठवी आज्ञा आपल्याला याहून कठीण काम सांगते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, हा तिचा शब्दार्थ आपल्याला पाठ आहे. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण एक पाऊल पुढे जाते : पुरेशा आधारावाचून दुसऱ्याचा नैतिक दोष मनातल्या मनात खरा मानणे, हेही त्या आज्ञेचे उल्लंघन आहे. या शिकवणुकीचा आधार घेऊन आपण आरोपी सैनिकाची बाजू सांभाळतो आणि ते योग्यही आहे; पुराव्यावाचून कोणाला खुनी म्हणू नये. पण ‘ती म्हातारी कोरियन बाई खोटे बोलते’ असे आधारावाचून मानणे, हाही तिच्यावरचा नैतिक आरोपच नाही काय? अविश्वास हा आपल्याला निष्पाप वाटतो, कारण त्यात आपण काही बोलत नाही, केवळ खांदे उडवतो. तथापि चौकशीविना ठेवलेला अविश्वास हाही एक निवाडाच असतो, आणि ज्याला आधीच कोणी ऐकत नाही, त्याच्याच विरुद्ध तो बहुधा जातो.

पुनरुत्थानाची पहिली बातमी घेऊन स्त्रिया प्रेषितांकडे धावत आल्या, तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली, असे संत लूक नोंदवतो. त्यांच्या जबानीत काही खोट सापडली म्हणून नव्हे. सांगणाऱ्या स्त्रिया होत्या म्हणून. पेत्र मात्र उठून कबरीकडे धावला. त्याने आंधळा विश्वास ठेवला नाही आणि घरात बसून हसलाही नाही; तो पाहायला गेला. संत थॉमसला आपण संशयी म्हणून नावे ठेवतो. पण त्याने मागितले काय? जखमा. आणि प्रभूने त्या त्याच्यापुढे केल्या. प्रश्न विचारणाऱ्याला प्रभूने दूर लोटले नाही. जखमा पाहायला जाणे हे प्रेमाच्या विरुद्ध नाही. जखमा दाखवल्यावर तोंड फिरवणे हे प्रेमाच्या विरुद्ध आहे.

त्या सद्गृहस्थांना मी पुढे गाठले आणि माझे शब्द मागे घेतले. “एक माणूस खोटे बोलला,” मी म्हणालो, “पण पुलाखालची माणसे खरोखरच मेली.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग त्या सभेतल्या बायांनाही हे सांगायला हवे. त्यांनी रडून घेतले आणि नंतर आपण फसलो म्हणून त्या सारे विसरून गेल्या.” पुढच्या बैठकीत मी ते सांगितले. या वेळी कोणी डोळे पुसले नाहीत. पण एका आजींनी त्या दोन मुलांची नावे विचारली. मला ती ठाऊक नव्हती. खोट्या पश्चात्तापाचा प्रत्येक तपशील मला पाठ होता आणि मेलेल्या मुलांची नावे मी कधी शोधलीही नव्हती. एखादी भयंकर हकिकत ऐकताना आपले लक्ष कोणावर खिळते, सांगणाऱ्यावर की सोसणाऱ्यावर, हे त्या दिवशी मला उमगले. त्या बैठकीच्या शेवटी आम्ही त्या मुलांसाठी नावांवाचूनच प्रार्थना केली.